खाशाबा जाधव : तालमीच्या मातीतून ऑलिम्पिकच्या मॅटवर



१५ जानेवारी जवळ आली की आपल्या शाळांमध्ये खाशाबा जाधवांवर दहा ओळी लिहून घ्यायची गडबड सुरू होते. हा त्यांचा जन्मदिवस आणि आता आपल्या राज्याचा क्रीडा दिनही. मागच्या वर्षी मी चौथीच्या वह्या तपासत होते, तर प्रत्येक वहीत एकच वाक्य. खाशाबा हे ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारे पहिले भारतीय. मुलांची चूक नव्हती बरं का. फळ्यावर मीच तसं लिहून दिलं होतं. घरी आल्यावर शंका आली, पुस्तकं चाळली आणि लक्षात आलं की आपण मुलांना अर्धवट शिकवलं. भारताच्या हॉकी संघाने १९२८ पासूनच सुवर्णपदकं आणली होती. त्याही आधी, १९०० साली, नॉर्मन प्रिचर्ड या कलकत्त्यात जन्मलेल्या धावपटूच्या नावावर पॅरिसच्या ऑलिम्पिकमधली दोन रौप्यपदकं आहेत. खाशाबांचं पदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. वाक्यात दोनच शब्द वाढतात, पण ते हवेत. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दुरुस्ती केली, आणि मुलांनी विचारलं म्हणून पुढची सगळी गोष्टही शोधत गेले. तीच आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक कबूल करते. मी सातारा जिल्ह्यातली असले तरी कुस्तीतलं मला काही कळत नव्हतं. जत्रेत मैदान असलं की आम्ही मुली लांबून फक्त हलगीचा आवाज ऐकायचो. वर्गातला एक मुलगा रोज पहाटे तालमीला जातो, त्याच्या वस्तादांकडे जाऊन मी शिकवणी घेतली. त्यामुळे खालचं डावपेचांचं वर्णन जाणकारांना बाळबोध वाटलं तर समजून घ्या.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. कराडला लागूनच असलेलं गोळेश्वर हे त्यांचं गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना मातीत उतरवलं असं सांगतात. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात हे काही नवल नव्हतं. त्या काळी गावोगावी तालमी होत्या. पोर चालायला लागलं की भावाबरोबर हौद्याच्या कडेला जाऊन बसायचं, मग रेवड्यांच्या कुस्त्या खेळायचं. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, १९४० ते १९४७.

ही सालं बघा. मधे १९४२ येतं. तेव्हा सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा होता, आणि याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. खाशाबा तेव्हा शाळकरी पोर. भूमिगतांना आसरा देणं, त्यांच्या चिठ्ठ्या आणि पत्रकं पोचवणं अशी कामं त्यांनी केल्याची नोंद आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा या एकवीस वर्षांच्या तरुणाने ऑलिम्पिकमध्ये तिरंगा फडकवायचं मनाशी ठरवलं. आज हे वाचताना भाषणातलं वाक्य वाटतं, पण त्या दिवशी कराडमधल्या किती जणांना ऑलिम्पिक म्हणजे काय हे ठाऊक असेल, याचा विचार करा.

पुढचं शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान तिथलंच. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचं मार्गदर्शन खाशाबांना या काळात मिळालं. पण कॉलेजातली सुरुवात गमतीची आहे. उंची साधारण साडेपाच फूट, अंग किरकोळ. कॉलेजच्या कुस्ती स्पर्धेत नाव द्यायला गेले तर खेळाच्या शिक्षकांनी घेतलंच नाही. हा काय कुस्ती करणार, असा विचार. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि या पोराने आपल्यापेक्षा थोराड मल्लांना एकामागून एक पाडलं. हा प्रसंग मी वर्गात सांगते तेव्हा आम्हा शिक्षकांनाच जरा टोचतो. आपणही स्नेहसंमेलनाला, धावण्याच्या शर्यतीला मुलं निवडतो, ती अंगापिंडाकडे बघूनच ना?

आता कुस्तीचे दोन प्रकार समजून घेऊ, कारण खाशाबांचं खरं कर्तृत्व तिथे आहे.

आपली कुस्ती मातीतली. तालमीच्या हौद्यातली लाल माती नुसती माती नसते. तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर असं काय काय मिसळतात. रोज उकरतात, मऊ ठेवतात. पाय तिच्यात रुततो, घामाच्या अंगावर माती चोळली की पकड बसते. लांग किंवा जांघ्या धरून डाव टाकता येतो. वेळेचं बंधन फारसं नसतं. कुस्ती निकाली म्हणजे समोरच्याची पाठ मातीला लावून त्याला अस्मान दाखवायचं, तोवर झुंजायचं. तासभर चाललेल्या कुस्त्यांच्या गोष्टी म्हातारी माणसं सांगतात. आणि एका मैदानात एका पैलवानाची एकच जोड लागते. सलामी, शड्डू, कुस्ती, इनाम, फेटा, घरी.

ऑलिम्पिकमधली फ्रीस्टाईल कुस्ती गादीवरची, म्हणजे मॅटवरची. तिथे पाय रुतत नाही, त्यामुळे चपळाई लागते, आणि घामाने अंग निसटतं. कपडे धरायला मनाई. त्या काळी एक कुस्ती १५ मिनिटांची असायची. तेवढ्यात चीत झाली नाही तर पंच आपला कौल द्यायचे. म्हणजे पाठ न लावताही तुम्ही हरू शकता किंवा जिंकू शकता. हे आपल्या मल्लांना पचायला जड होतं. शिवाय एका स्पर्धेत पाच-सहा देशांच्या पैलवानांशी पाठोपाठ खेळायचं. वस्ताद मला म्हणाले की ताई, मातीतला चांगला पैलवान पहिल्यांदा गादीवर उभा राहिला की त्याला आपलेच पाय परके वाटतात. मला हे फार पटलं. मराठी माध्यमातून डी.एड. केल्यावर पहिलं इंग्रजी प्रशिक्षण घेतलं तेव्हा माझं तसंच झालं होतं. असो.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक होतं. स्वतंत्र भारताचं पहिलंच. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांच्या प्रवासाचा खर्च उचलला. तिथे रीस गार्डनर नावाच्या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना काही काळ मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले. वजनगट होता फ्लायवेट, ५२ किलोचा. मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची जेमतेम ओळख झालेली, तरी खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच हरवलं, अमेरिकेच्या बिली जेर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते हरले. शेवटी सहावा क्रमांक आला. जगात सहावा! पण आपल्याकडे पदक नाही म्हणजे काहीच नाही, असा हिशोब असतो.

पुढची चार वर्षं त्यांनी काय केलं, ते मुलांना जरूर सांगा. एक तर वजनगट बदलला. ५२ किलोवरून ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये गेले. ऐकायला पाच किलो, पण कुस्तीत वरच्या गटात जायचं म्हणजे जास्त ताकदीच्या, जास्त अंगाच्या मल्लांशी गाठ. दुसरं म्हणजे त्यांनी आपली मातीतली कुस्ती टाकून दिली नाही. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान काखेत आवळायची आणि त्याला कमरेवरून फेकायचं. हा डाव तालमीतलाच, पण मॅटवर तो झटकन आणि लांग न धरता मारावा लागतो. जुनं हत्यार नव्या जमिनीवर चालवायला ते शिकले.

मग आलं १९५२. यजमान शहर फिनलंडमधलं हेलसिंकी. इथे गोष्ट दोन ठिकाणी अडते.

पहिली अडचण निवडीची. निवड स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली, आणि खाशाबांनी ती जिंकून संघात जागा मिळवली. हा भाग मी मुलींना मुद्दाम सांगते. तक्रार करणं म्हणजे उद्धटपणा, असं आपण त्यांना फार लवकर शिकवून ठेवतो.

दुसरी अडचण पैशांची. निवड झाली, पण जायचं कसं? सरकारकडे मागणी करूनही वेळेवर पुरेशी मदत मिळाली नाही. मग गोळेश्वर, कराड आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्याला जे जमेल ते त्याने दिलं. तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे करून दिले.

इथे जरा थांबा. १९५२ सालचे सात हजार. त्या काळात शिक्षकाचा महिन्याचा पगार शंभराच्या आत-बाहेर असायचा. माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते, त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. आणि ज्या विद्यार्थ्यासाठी हे केलं, त्याचं पदक काही ठरलेलं नव्हतं. मागच्या वेळी तो सहावा आला होता. तो तसाच हात हलवत परत आला असता तर? मी हे वाचलं त्या रात्री माझ्या नवऱ्याला विचारलं की आपण टाकलं असतं का घर गहाण? त्याने उत्तर दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही दिलं नाही.

हेलसिंकीला पहिली कुस्ती कॅनडाच्या पोलिक्विनशी. पंधरा मिनिटं भरायला थोडाच वेळ उरला असताना खाशाबांनी त्याला चीत केलं. दुसरा मेक्सिकोचा बासुर्तो. त्याला तर पाच-साडेपाच मिनिटांतच. मग जर्मनीचा श्मिट्झ, इथे पंचांच्या कौलावर विजय. तीन कुस्त्या, तीन विजय. पुढे समोर आला जपानचा शोहाची इशी. हा मूळचा ज्युदोचा माणूस, तिथून कुस्तीत आलेला. म्हणजे गंमत बघा, एका खेळातून दुसऱ्यात आलेले दोघं समोरासमोर. ती लढत लांबली, दमछाक झाली आणि खाशाबा गुणांवर हरले. अंगातला घाम वाळायच्या आत त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले.

इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. इशीचं ते सुवर्ण म्हणजे जपानचं त्या ऑलिम्पिकमधलं एकमेव सुवर्णपदक. तो अर्धा तास मिळाला असता तर रंग बदलला असता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मुलं मात्र दरवेळी इथेच चिडतात. सगळे अधिकारी कुठे गेले होते, असं विचारतात. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एक नाव आपण नेहमी विसरतो, म्हणून इथे घालते. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्याच भागातले केशव माणगावे हे मल्ल ६२ किलो गटात चौथे आले. पदक एका पायरीने हुकलं. आपल्या एकाही दहा ओळींच्या निबंधात ते नसतात.

त्या वर्षी हॉकीतही भारताला सुवर्ण मिळालं. देशभर गाजावाजा झाला तो हॉकीचा. कप्तान होते के. डी. सिंग बाबू, आणि कुस्तीतले हे आपले के. डी. जाधव. दिल्ली-मुंबईत एका के. डी.चं जेवढं नाव झालं, तेवढं दुसऱ्याचं झालं नाही. पण कराडने कसर ठेवली नाही. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांची वाट, ती संपायला सात तास लागले असं सांगतात. बैलांच्या शिंगांना बेगड, पुढे लेझीम, ढोल, आणि गाडीत कांस्यपदक गळ्यात घातलेला आपला माणूस. मुलांना हे चित्र काढायला द्या. आमच्या वर्गात एकाने बैलांच्या पाठीवरसुद्धा तिरंगा काढला होता.

सत्कार झाल्यावर खाशाबांनी काय केलं? ते परत मातीत उतरले. कोल्हापुरात कुस्त्या केल्या, त्यातून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. ऑलिम्पिक पदक गळ्यात पडलेला मल्ल गुरूचं कर्ज फेडण्यासाठी पुन्हा हौद्यात. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती ही. तिचं पदक नाही, एवढंच.

१९५५ साली ते पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा विचार होता, पण गुडघ्याच्या दुखापतीने तो रस्ता बंद केला. वय तीस. पुढे पोलिसांच्या स्पर्धांमध्ये ते खेळले, जिंकले, आणि हळूहळू शिकवण्याकडे वळले. पोलीस दलात आणि देशपातळीवरही त्यांनी क्रीडा मार्गदर्शक म्हणून काम केलं. माती आणि मॅट दोन्ही अंगाने ओळखणारा माणूस त्या पिढीत दुर्मीळ होता. अशा माणसाच्या हाती देशातल्या कुस्तीचं पूर्णवेळ प्रशिक्षण सोपवलं असतं तर किती मल्ल तयार झाले असते, असं मनात येतं. तसं झालं नाही. २७ वर्षं पोलिसांत नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. शेवटचा काळ ओढाताणीत गेला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या वेळी ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला, तेवढाच काय तो राष्ट्रीय पातळीवरचा जिवंतपणीचा सन्मान. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५८.

बाकी सगळं नंतरचं. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, तोही २००० सालचा. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव मिळालं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी. गावात कुस्ती संकुल उभारायची घोषणा झाली, ती वर्षानुवर्षं कागदावर राहिली. २०१७ मध्ये तर संकुलासाठी पैसे उभे करायला पदकाचा लिलाव करायची वेळ येईल, असं घरच्यांनी जाहीर केल्याचं आपण सगळ्यांनी बातम्यांत वाचलं. राज्य क्रीडा दिन जाहीर झाला २०२३ मध्ये.

वर्गात गणिताला जोडून घ्यायचं असेल तर दोन वजाबाक्या देते. स्वतंत्र भारताला दुसरं वैयक्तिक पदक लिएंडर पेसने १९९६ ला आणून दिलं. १९९६ वजा १९५२, उत्तर ४४. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं २०२४ ला, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत. २०२४ वजा १९५२, उत्तर ७२. मुलं उत्तर काढतात आणि मग आपापल्या आजोबांचं वय आठवून बघतात.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या तालमीतल्या मुलाबद्दल. पालकसभेला त्याचे वडील आले होते. दूध, तूप, बदाम, खुराक परवडत नाही, तालीम बंद करतो म्हणाले. मी त्यांना खाशाबांची हीच गोष्ट सांगायला लागले. बैलगाड्यांपर्यंत ते मन लावून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की पुढं काय झालं त्यांचं, मिळालं का काही? मला थाप मारता आली असती. निबंधात तसंच तर लिहितो आपण, मिरवणुकीपाशी थांबतो. मी निवृत्तिवेतनाचंही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि सही करून निघून गेले. मला वाटलं, झालं, आपणच पोराची तालीम बंद पाडली.

सोमवारी मुलगा वर्गात आला तो कानात माती घेऊनच. वडिलांनी वस्तादांशी बोलून खुराकाचा खर्च तिघा घरांत वाटून घ्यायचं ठरवलंय, असं त्याने सांगितलं. आणि मधल्या सुट्टीत येऊन विचारून गेला की बाई, आपल्या शाळेला गादी कधी मिळणार? जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा मॅटवर असतात आणि त्याला सराव मातीतच आहे. मी अर्ज लिहिलाय. तुमच्यापैकी कुणाच्या शाळेने जुनी मॅट कशी मिळवली, हे माहीत असेल तर जरूर कळवा.